कोमलचा टॅब आणि नवरीचा हात

मागच्या रविवारी सकाळी माजलगावच्या आमच्या घरात माझं डोकंच फिरलं. समोरच्या किराणावाल्यांची प्राजक्ता आली होती. तिचं लग्न, आणि तिच्या हातावर मेंदी कोण काढणार ते ठरवायचं होतं म्हणे. आता यात ठरवायचं काय? आमच्या गल्लीत नवरीची मेंदी म्हणजे मीच... इतकी वर्षं दुसरं नाव कधी निघालं नाही.

पण आता घरात कोमल आहे, माझी धाकटी जाऊ. आणि तिच्याकडं भाऊजींनी घेऊन दिलेला टॅब आहे, पेनसकट.

तिनं प्राजक्ताच्या हाताचा फोटो काढला आणि त्या फोटोवरच मेंदी काढायला लागली. आवडलं नाही की पुसायचं, दोन बोटांनी मोठं करायचं, पुन्हा काढायचं... पोरगी हरखूनच गेली. "लई भारी! माझी मेंदी कोमलवहिनीच काढतील," म्हणाली. माझ्या पोटात नुसती आग.

सासूबाईंना बरोबर दिसलं. "कावून गं, तोंड फुगलंय तुझं?" मी म्हटलं, दाढ दुखतीय.

दुपारी कोमलनं टॅब पेनसकट माझ्याच हातात दिला. मी सवयीप्रमाणे हात अधांतरी धरला, फक्त करंगळीचं टोक टेकवलं. काच गुळगुळीत, रेघ पार वाकडी! कोमल हसली. "हात टेकवा की ताई. त्याला कळतं."

मग तिनं समजावलं. काचेखाली बारीकशी वीज खेळत असते, बोट लागलं की तिथं फरक पडतो, त्यावरून टॅबला जागा कळते. पेनचा सिग्नल मात्र वेगळा. पेन नुसतं जवळ आलं तरी तो ओळखतो, आणि मग खाली तळहात लागला तरी मोजत नाही. मी अख्खा हात टेकवून पाहिला... एक डाग उठला नाही. उलट जास्तच राग आला. आम्ही मान मोडून करंगळीवर हात तोलायला शिकलो, आणि ही बघा, मस्त हात पसरून!

मेंदीच्या दिवशी मी मुद्दाम लांब बसले, पाहुण्या बायकांच्या हातावर काढत. नजर मात्र तिकडंच. कोमलनं मनगटापासून सुरुवात केली. सुरेख काढत होती, खोटं कशाला बोलू...

मग ती बोटांकडं वळली आणि टॅबवरच्या सवयीनं तळहात खाली टेकवला. ओल्या मेंदीवर! उचलला तर मनगटावरचा अर्धा मोर हिच्या हाताला.

प्राजक्ता रडायच्या बेतात, कोमलचं तोंड पांढरंफटक. आणि मला? मला बरं वाटलं हो. अगदी गार गार वाटलं. तेवढ्यात कोमलनं माझ्याकडं बघितलं आणि "ताई..." एवढंच म्हणाली.

मी उठले. रंग धरायच्या आत ओल्या कापसानं पसरलेलं पुसलं, आणि जिथं डाग राहिला तिथं मोराचा पिसारा दाट भरून टाकला. पुढं कोन माझ्या हातात आणि टॅब कोमलच्या. तिची बोटं मेंदीनं ओली, स्क्रीन ऐकेचना, मग पेननं डिझाइन सरकवत मला दाखवत राहिली.

रंग काय चढला म्हणता! लग्नात जी ती विचारत होती, डिझाइन कुणाचं? प्राजक्ता सांगत होती, कोमलवहिनीचं. पुन्हा माझ्या पोटात आग.

त्या टॅबचं बरं आहे. काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं ते त्याला कळतं. मला मेलीला सगळंच लागतं... दुसऱ्याचं कौतुक तर फारच.

जळणं अजून गेलेलं नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू. पण एवढ्या बायकांत कोमलनं हाक मारली ती मलाच. ती मात्र मी मोजली.