चाक किती बाहेर

माझ्या अंगात लहानपणापासून एक किडा आहे. नीट चाललेली गोष्ट मला नीट चालू देववत नाही. पंखा फिरत असला की तो कुरकुरतोय असं वाटतं आणि मी स्टुलावर चढतो. रेडिओ लागत असला की याहून स्वच्छ लागेल असं वाटतं आणि मग तो आठवडाभर लागतच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्ही लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि हा किडा तिच्यात शिरला.

जीप खरं तर आबांसाठी घेतली होती. आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. शाहूवाडीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं थोडं भाताचं रान होतं. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे दगडधोंड्यांची गाडीवाट. जन्मभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर गाडी हाकलेल्या माणसाला आपल्या गाडीनं आपल्या रानात जायचं होतं, एवढीच त्यांची हौस. दर सोमवारी सकाळी ते निघायचे. आई गेल्यापासून घरात ते मोजकंच बोलत, पण सोमवारी रात्रीच्या जेवणाला रानातल्या पाण्यापासून वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत सगळं सांगत बसायचे. आठवड्यातलं त्यांचं बोलणं त्या एका जेवणात व्हायचं.

गाडीवाटेच्या चाकोऱ्या खोल होत्या आणि जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं. म्हणून मी ती उचलायचं ठरवलं. उद्यमनगरात एक मिस्त्री होते, साठीला टेकलेले, तोंडानं फटकळ. त्यांनी स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले आणि गाडी वीतभर उंच झाली. पोट घासायचं थांबलं. इथे मीही थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण उंच गाडी जुन्या बारक्या चाकांवर बघवेना. उंच वाढलेल्या पोरानं आखूड विजार घालावी तशी ती दिसायची. मी रुंद टायर आणले. रुंद टायर जुन्या जागी बसले की आतल्या बाजूला पाट्याला घासतात, म्हणजे चाक बाहेर घ्यायला हवं. रिमच्या पोटात एक चकती असते, ती हबला, म्हणजे एक्सलच्या टोकाला, टेकते. ती आत सरकवून वेल्ड केली की चाक तेवढं बाहेर येतं. यालाच ऑफसेट म्हणतात, हे मी जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं. मिस्त्री त्याला नुसतं ‘भाईर’ म्हणायचे. प्रश्न एवढाच होता, किती भाईर?

मिस्त्रींची मापाची रीत वेगळी होती. ते म्हणाले, “घरातनं कणकेचा गोळा आणा.” मी आपला भाकरीच्या पिठाचा गोळा घेऊन गेलो तर अंगावर आले. “गव्हाचं आणायचं, पावणं. जुंधळ्याचं पीठ ठिसूळ. खोटं बोलतंय त्ये.” मग गव्हाची कणीक आणली. त्यांनी पाट्यावर आणि मडगार्डच्या आत तिचे थापे चिकटवले, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं आणि टायर कुठे दाबतोय ते कणकेवरच्या ठशात बोट घालून पाहिलं.

“एक इंच पुरं,” ते म्हणाले. “थोडं बारीक टायर घ्या, एक इंच भाईर घ्या, झालं काम.”

“तीन घ्या,” मी म्हणालो.

“तीन कशाला?”

कशाला ते मला ठाऊक होतं, पण सांगायला लाज वाटत होती. कोल्हापुरात माणूस काय, म्हैस काय आणि गाडी काय, उभी राहिली की जागा धरून उभी राहिली पाहिजे. पैलवान पाय फाकून उभा राहतो तशी मला माझी गाडी उभी राहायला हवी होती. मिस्त्रींना ते न सांगताच कळलं असावं. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, “गाडी कोन चालिवनार?”

“मीच की,” मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. आबा त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हते.

तीन इंच बाहेर आलेली ती चाकं घेऊन मी गावात हिंडलो. चहाच्या गाड्यावरची माणसं मान वळवून बघायची. “नाद खुळा!” कुणीतरी ओरडलं आणि मी दोन दिवस हवेत होतो. स्टेअरिंग जड झालं होतं, खड्ड्यात हाताला हिसका बसत होता, पण माझे हात तिशीतले होते.

सोमवारी आबा जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, “झ्याक दिसतीया.” संध्याकाळी परत आले, जेवले आणि बोलले नाहीत. पुढच्या सोमवारीही तसंच. तिसऱ्या सोमवारी त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली.

“नजर धरंना झालीया लेका. तूच वापर गाडी. मी यष्टीनं जातो.”

खरं सांगतो, ऐकून मला वाईट वाटलं आणि आतून बरंही वाटलं. गाडी माझी झाली होती. या बरं वाटण्याची लाज मला आजही आहे.

पण चैन पडेना. सोमवारी ते धोतर सावरत, पिशवी घेऊन स्टँडकडे चालत निघाले की मी उगाच बॉनेट उघडून उभा राहायचो. ते परतायचे ते अंधार पडल्यावर, कारण शेवटच्या थांब्यापासून रानापर्यंत पायीच जायचं. जेवायला बसले की ताटाकडे बघत जेवायचे. पाणी किती आहे, लोंब्या धरल्या का, काही नाही. मी विचारलं तर “हाय सगळं बरं.” मला बसवेना, झोपवेना. शेवटी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “काही झालेलं नाही. चष्म्याचा नंबरही तोच आहे.” आबा खाली बघत होते. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, “मग झालंय काय तुम्हाला?” ते म्हणाले, “डागदरला काय कळतंय.”

दोन दिवसांनी भर दुपारी मी अवचित घरी आलो. आबा अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसले होते. इंजिन बंद. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ते वळवायचा प्रयत्न चालला होता. दात आवळलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. चाक थोडं हललं आणि अडकलं. त्यांनी हात सोडला आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून तसेच बसून राहिले. मनगट सुजलेलं होतं आणि त्यावर हळदीचा लेप होता. हल्ली ते रोज लांब बाह्यांचा शर्ट का घालत होते ते मला तेव्हा कळलं. मी आल्या पावली मागे फिरलो आणि थेट मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग जमिनीवर खडूनं एक ठिपका काढला आणि त्यातून एक रेघ मारली. “चाक ह्या खुट्याभवती वळतंय. खुट्यापासनं जेवढं भाईर, तेवढा दांडा लांब. चाक दगडाला धडाकलं की तो दांडा म्हाताऱ्याच्या मनगटात येतोय. तू दगडाच्या हातात लांब दांडा दिलायस.” पावणं गेलं आणि तू आलं, आणि ते योग्यच होतं. “मी इचारलं न्हवतं, कोन चालिवनार?”

“विचारलं होतं,” मी म्हणालो.

रुंद टायर विकले, बारीक उंच टायर घेतले, चकती पुन्हा कापली. या वेळी कणीक मी स्वतः मळली आणि आबांनाही बरोबर नेलं. का न्यायचं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मिस्त्रींनी त्यांना गाडीत बसवलं. “वळवा आबा. जमतंय तेवढंच. जोर न्हाय करायचा.” आबांनी वळवलं. इकडच्या टोकाला, तिकडच्या टोकाला. पाट्यावरच्या कणकेला टायर शिवलाही नाही. “एक इंच,” मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले.

गाडी पुन्हा साधी दिसायला लागली. चहाच्या गाड्यावर एकानं विचारलं, “पैलवान आजारी हाय व्हय?” मी हसलो, पण लागलं ते लागलंच.

सोमवारी सकाळी मी किल्ली आबांच्या ताटाशेजारी ठेवली. “मी पण येतो,” म्हणालो. गाडीवाट लागली तशी माझी चुळबुळ सुरू झाली. प्रत्येक दगडाला मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. हिसक्यात मुरगळू नयेत म्हणून आबांनी अंगठे नेहमीसारखे स्टेअरिंगच्या बाहेर ठेवले होते. चाक दगडावर चढलं, उतरलं, आणि स्टेअरिंग त्यांच्या बोटांत अलगद हललं.

“आबा, डोळे?” मी विचारलं.

ते समोर बघत होते. वळणापलीकडे आमचं रान दिसायला लागलं होतं.

“आज बरं दिसतंय की,” ते म्हणाले आणि भाताला पाणी किती लागेल ते सांगायला लागले. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो.