खाडीपलीकडची लुकलुकती बॅटरी

बॅटरी हातात घेतली की चाचा आधी ती कानाला लावायचे आणि हलकेच हलवायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "बघू, आत कोण रुसलंय."

भिवंडीत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. माझं झेरॉक्सचं, त्यांचं दुरुस्तीचं. मागच्या गल्लीत दिवसभर लूमचा खडखडाट चालायचा, आणि त्या खडखडाटात ह्या माणसाला म्हणे सेलची खुळखुळ ऐकू यायची. मला वाटायचं, हे गिऱ्हाइकासमोरचं नाटक आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. पण कानापासून खाली घेतल्यावर ते जे सांगत, ते दहातल्या नऊ वेळा खरं निघे.

त्यांच्याकडे बॅटऱ्या यायच्या त्या वळ गावच्या गोदामांतल्या वॉचमनच्या. मोबाइलचा उजेड गोदामाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून ह्या लोकांना अजून खरी बॅटरी लागते. चाचा मागचं झाकण फिरवून सेल काढत, झाकणाचा वास घेत. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा क्षार साचलेला असे. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तो घासायचा, लिंबाचा थेंब लावायचा, कापसानं कोरडं करायचं, चिमट्यानं स्प्रिंग थोडी ओढायची. तरीही बल्ब लागला नाही, तर तारेच्या तुकड्यानं बटण बाजूला ठेवून करंट थेट द्यायचा. मग लागला, तर दोष बटणात.

"सेल मेले म्हणून लोक फेकून देतात," ते म्हणत. "सेल बिचारे जिवंत असतात, भाऊ. फक्त भेट तुटलेली असते."

एकदा एका बुजुर्ग वॉचमननं सेल उलटे घातले होते. चाचांनी ते बोटानं गुपचूप फिरवले, उगाच दहा मिनिटं स्प्रिंग घासत बसले आणि म्हणाले, "मामू, लई नाजूक बिघाड होता." वॉचमन खूश होऊन गेला. मी हसलो, तर माझ्यावरच डोळे वटारले.

मेच्या एका दुपारी खारबावकडची एक बाई आली. चाळिशीची असेल. हातात हिरवा चुडा, आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक पितळी बॅटरी. चिखलानं तिचा रंग ओळखू येत नव्हता.

"आमच्या मालकांची हाय," ती म्हणाली. "पेटली पायजे चाचा. एकदा तरी."

तिचा नवरा कोलंबीच्या तळ्यावर राखणीला होता. गेल्या भादव्यात दिवस मावळताना खाडीच्या बांधावर फेरी मारायला गेला तो आलाच नाही. पाण्यानं नेला, असं सगळे म्हणाले. देह मिळाला नाही. आणि आता, आठ महिन्यांनी, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणाऱ्याला खाडीकाठच्या तिवराच्या झाडांच्या मुळांत ही बॅटरी सापडली होती. बॅटरी मिळाली म्हणजे माणूस गेलाच, असं म्हणून धाकट्या दिरानं येत्या अमावास्येला दर्भाचा पुतळा करून विधी उरकायचं ठरवलं होतं. त्यानंतर तिच्या हातात तो चुडा राहणार नव्हता.

चाचांनी बॅटरी कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली. नेहमीचं वाक्य काही बोलले नाहीत.

"उद्या या, बाय," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. झाकण उघडलेलं होतं. स्प्रिंग खाऱ्या पाण्यानं अर्धी खाल्ली होती, आणि तिच्याखाली चंदेरी कागदाची एक जाड घडी दाबून बसवली होती. स्प्रिंग सैल झाली की लोक सेल घट्ट बसावा म्हणून अशी घडी घालतात. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी होती ती. चाचांनी चिमट्यानं ती उलगडली आणि माझ्यापुढे धरली.

"वाच. मला चष्म्यानं पण दिसत नाही, की दिसतंय ते चुकीचं आहे?"

चांदीवर गोळीचं नाव होतं, आणि खाली गोळी बनवल्याचा महिना ठोकलेला होता. जानेवारी. ह्याच वर्षाचा.

माणूस भादव्यात गेला. त्याच्या बॅटरीची स्प्रिंग कुणीतरी जानेवारीनंतर घट्ट केली होती.

"दुसऱ्या कुणाला सापडली असेल," मी म्हणालो.

"असेल," चाचा म्हणाले. "मग त्यानं ती परत चिखलात का ठेवली?"

दुसऱ्या दिवशी ती येण्याआधी आम्ही बराच वाद घातला. मी म्हणत होतो, सांगू नका, उगाच आशा लागेल. चाचांनी ऐकून घेतलं. ती आल्यावर मात्र चांदी तिच्या तळहातावर ठेवली आणि काही न लपवता सांगितलं.

ती रडली नाही. चांदी उन्हात धरून बघत राहिली. "प्रेशरची गोळी हाय ही. हीच घ्यायचे, सकाळी एक." मग थोड्या वेळानं, जणू तिथं आम्ही नव्हतोच, अशा सुरात म्हणाली, "त्यानला कळत न्हाय का, घर कुठं हाय ते?"

चाचांनी नवी स्प्रिंग बसवली होती. बॅटरी लख्ख पेटली. ती घेऊन बाई गेली आणि त्याच संध्याकाळपासून बांधावर उभी राहून खाडीच्या पलीकडे उजेड टाकू लागली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पलीकडून कुणीतरी उत्तर देत होतं.

आम्ही दोघं गेलो. पलीकडे वस्ती नाही, नुसती तिवरं. पाणी शिशासारखं दिसत होतं. पक्षी बसले होते, पण आवाज करत नव्हते. तिनं बॅटरी पेटवली. जरा वेळानं समोरच्या काळपट झाडीत एक पिवळा ठिपका उमटला. विझला. पुन्हा लागला, थरथरला, विझला.

"कुनी खूण करतंय," बाई म्हणाली.

चाचा डोळे बारीक करून बघत होते. "खूण नाही, बाय," ते म्हणाले. "आधी मंद होते, मग जाते. हलवली की परत येते. स्प्रिंग सैल आहे. आणि तो ती सारखी हातावर आपटतोय."

मी एक पाऊल मागे सरलो. चाचांचा चेहरा मात्र दुकानात असतो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारीच शटर ओढलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिमटा, पॉलिश पेपर, दोन स्प्रिंगा आणि नवे सेल भरले. मी म्हणालो, "पोलिसांना सांगू. तुम्ही कशाला?"

"दोन मिनिटांचं काम आहे, भाऊ. दोन मिनिटांसाठी माणसाला अंधारात का बसवायचं?"

धाकट्या दिराची होडी होती. त्याची इच्छा नव्हती, पण वहिनीपुढे बोलला नाही. ऊन उतरताना दोघं निघाले. मी आणि ती बांधावर थांबलो. दीर नंतर सांगत होता, की चाचा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, झाडीकडे तोंड करून "कोण आहे? मी दुरुस्तीवाला," असं म्हणाले आणि आत गेले. त्याला होडीतच थांबायला सांगितलं होतं.

सूर्य बुडाला. पलीकडे ठिपका लागला, थरथरला, विझला. मग किती तरी वेळ काहीच नाही. बाईनं माझं मनगट धरलं होतं, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. आणि मग उजेड लागला. पिवळा नाही, पांढरा, स्थिर. एकदाही न थरथरता तो झाडीतून आत आत सरकत गेला आणि दिसेनासा झाला.

"झाली दुरुस्त," ती हळूच म्हणाली.

होडी परत आली तेव्हा तिच्यात एकटा दीर होता.

पुढचे चार दिवस पोलिसांनी, कोळ्यांनी, मुंब्र्याहून आलेल्या चाचांच्या मुलानं सगळी तिवरं पालथी घातली. चिखलात चाचांच्या पावलांचे ठसे एका उंचवट्यापर्यंत होते. तिथून पुढे त्यांचे नव्हते, दुसऱ्या कुणाचेही नव्हते. भरतीनं नेलं असणार, असं कागदावर लिहिलं गेलं. ह्या वेळी मी वाद घातला नाही.

अमावास्येचा विधी झाला नाही. दीरच नको म्हणाला. बाईच्या हातात चुडा अजून आहे. चाचांच्या शटरला कुलूप आहे आणि त्यावर कुणीतरी भाड्यानं देण्याचा कागद चिकटवलाय.

पत्र्याचा डबा तेवढा चौथ्या दिवशी मिळाला. भरतीचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, तिवराच्या फांदीला चाचांच्या रुमालानं नीट बांधलेला होता. मुलानं तो माझ्यासमोर उघडला. चिमटा होता, वापरलेला पॉलिश पेपर होता. दोन स्प्रिंगांपैकी एक नव्हती. नव्या सेलांच्या जागी दोन जुने सेल होते, फुगलेले, तोंडाशी पांढरा क्षार आलेले. मी एक उचलला. कुणीतरी दिवसभर मुठीत धरून ठेवावा तसा तो कोमट होता.