टायमकीपरांचा पाठिंबा

मत मागायला आलेल्या उमेदवाराच्या हातात टायमकीपर दळणाचा डबा द्यायचे. गव्हाने गच्च भरलेला, कडीचा स्टीलचा डबा. "आधी हा गिरणीत ठेवून या. कार्यकर्त्यांनी हात लावायचा नाही. मी मागून येतो." उमेदवार हसायचा, त्याच्या मागची पोरं हसायची, आणि टायमकीपर चपला घालून दारात तयार. जो डबा पोचवेल त्याच्याशीच पुढचं बोलणं. बाकीच्यांना पाणी मिळायचं, तेही मागितलं तर.

गिरणी काही लांब नव्हती. कोपर या उपनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटातून बाहेर पडून, गल्लीच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडला की आलीच. पण तेवढ्यात दुकानदारांनी पुढे ओढलेल्या फळ्या, आडव्या लावलेल्या बाइक, गटाराची तिरकी झाकणं आणि चुकीच्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षा. छातीशी डबा धरला की पायाखालचं दिसत नाही. "मोकळ्या हातांनी कोणीही चालेल रे," टायमकीपर मला म्हणाले होते. "हातात ओझं आलं की रस्ता कळतो."

हे शहाणपण त्यांना महागात मिळालं होतं. गिरणीतून पीठ घेऊन येताना काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पाय अशाच एका झाकणावर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. काकू घरात हिंडायच्या, संध्याकाळी लिफ्टने खाली येऊन आवारात दोन फेऱ्या मारायच्या आणि गेटाशी येऊन थांबायच्या. गेटाबाहेर वॉकर टेकायला सपाट जागाच नव्हती. त्यांची थोरली बहीण, आक्का, ठाण्याला वर्तकनगरात राहायची. तिच्याकडे एकदा जाऊन यायचं एवढंच काकूंचं मागणं होतं. टायमकीपरांनी कबूल केलं होतं, नेतो म्हणून.

टायमकीपर हे त्यांचं टोपणनाव नव्हे, हुद्दा. शहराच्या बससेवेत ते नोकरीला होते. स्टँडवरच्या टपरीएवढ्या केबिनमध्ये बसून कुठली बस किती वाजता सुटली ते लिहायचे. निवृत्त झाले तरी मिनिटं सुटली नाहीत. "चहा चार मिनिटं उशिरा," असं ते काकूंना सांगायचे आणि काकू म्हणायच्या, "मग लावा लाल शेरा." आमच्या कोपऱ्यावरून स्टेशनला जाणारी छोटी बस बंद झाली तेव्हा ते घरातलं कोणी गेल्यासारखे सुतकी चेहऱ्याने बसले होते. म्हणाले, "बस उशिरा आली तर माणूस स्टॉपवर चिडतो, ते दिसतं तरी. बसच नाही म्हटल्यावर माणूस घरी बसतो. घरी बसलेल्यांची नोंद कोण ठेवतो?"

परीक्षा पास झालेल्याला मिळायचा पाठिंबा, आणि तोही लेखी. फुलस्केपचा एक कागद. 'मी यांना मत देणार आहे, कारण,' आणि खाली त्याने कबूल केलेली कामं, त्याखाली त्याची सही. या कागदाच्या झेरॉक्स ते गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या नोटीसबोर्डांवर स्वतः लावून यायचे. आम्ही चेष्टा करायचो, वाचायचोही. मतदानाच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये हमखास कोणीतरी विचारायचं, "टायमकीपर कोणाला म्हणतायत?"

पालिकेच्या निवडणुकीत त्यांचा पाठिंबा मिळाला तो भाऊला. भाऊ इथला मूळचा, एकेकाळी इथे शेती असलेल्या घराण्यातला. उमदा गडी. त्याने डबा खांद्यावर मारला आणि गप्पा मारत निघाला. कोपऱ्यावर त्याचा पाय सटकला, पांढरी पॅंट गटारात बुडाली. परत आला तो थेट काकूंसमोर. "काकी, मीच पडलो असतो आता. तुम्ही कशा जाणार इथून? फुटपाथ मी करून देतो. बसपण चालू करतो." टायमकीपरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद लिहिला, आम्ही मतं दिली, भाऊ निवडून आला.

मग गल्लीच्या तोंडाशी भाऊच्या वडिलांच्या नावाची कमान उभी राहिली. तिचा एक खांब, जिथून आजवर निदान अंग चोरून जाता यायचं, तिथेच रोवला. उरलेल्या पट्टीवर भाऊचं नाव कोरलेली सिमेंटची बाकडी आली. टायमकीपर विचारायला गेले तर भाऊ म्हणाला, "काका, ज्येष्ठांसाठीच केलंय ना!" घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "बाकडी आली." काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता तिथवर जायला रस्ता आला की बसेन हो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नोटीसबोर्डांवर नवा कागद दिसला. 'माझ्या सांगण्यावरून आपण ज्यांना मत दिलंत, त्यांनी कबूल केलेलं काम केलं नाही. माझी निवड चुकली. क्षमस्व.' गल्लीभर हसू झालं. निवडून आलेला मजेत आणि मतदार माफी मागतोय! मीही हसलो होतो. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

नंतर पालिकेची निवडणूकच लांबत गेली. प्रशासक आले, वर्षांमागून वर्षं गेली. डबा उचलायला कोणी येईना, म्हणून तो टायमकीपरच न्यायचे, वाटेत दोनदा टेकून. मधे त्यांनी एकदा काकूंना रिक्षात घालून वर्तकनगरला न्यायचं धाडस केलं. आम्ही दोघांनी काकूंना धरून कोपऱ्यापर्यंत नेलं. शिळफाट्याच्या अलीकडे वाहनं अशी तुंबली की काकूंचा पाय सुजून दगड झाला, आणि ती दोघं अर्ध्यातून परत आली. पुढच्या वर्षी आक्का गेली. काकूंनी बहिणीचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. टायमकीपर मोबाइल धरून उभे होते. काकू सांगत होत्या, "अहो, जरा स्थिर धरा, चेहरा दिसत नाहीये."

अखेर निवडणूक येणार असं ठरलं. उमेदवारांच्या एका पॅनलने आमच्या सोसायटीला निरोप धाडला: लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र द्या, आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देतो. मीटिंगमध्ये टायमकीपर उभे राहिले. "आवारात ती आजही चालते. तिला गेटाबाहेर जायचंय. तुम्हालाही एक दिवस जायचंय." मग पेव्हरसाठी हात वर झाले. सेक्रेटरी म्हणून मी ते मोजले, आणि त्याआधी माझाही वर केला. पेव्हर छान बसले आहेत, लाल आणि राखाडी.

टायमकीपरांनी मात्र आपला उमेदवार शोधला होता. मीनल ही काकूंना व्यायाम द्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट. ती अपक्ष उभी राहिली. तिने डबा स्वतःहून मागून घेतला. घामाघूम होऊन परत आली आणि म्हणाली, "काका, सहा ठिकाणी डबा खाली ठेवायला लागला. मी कुठे कुठे ते लिहून आणलंय. आधी त्या सहा जागा नीट करू, मग बसच्या मागे लागू." टायमकीपर मला म्हणाले, "बघ, आश्वासन नाही दिलं पोरीने. जागा सांगितल्या." त्या आठवड्यात ते जिने दहा वर्षांनी तरुण असल्यासारखे चढत होते. एकेका दारावर थाप मारून सांगत होते, "या वेळी चुकणार नाही."

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मीनल आली. मी तिथेच होतो. ती दारातच उभी राहिली.

"काका, मी फॉर्म मागे घेतला."

"कोणी काही बोललं?"

"नाही ना. कोणी ओरडलं नाही, काही नाही. सकाळपासून घरी माणसं येऊन बसलेली. चहा पीत होती. शेवटी सासरे म्हणाले, आपल्याला इथेच राहायचंय."

टायमकीपरांनी तिला आत घेतलं, बसवलं आणि न मागता पाणी दिलं. "तुझं काही चुकलं नाही," म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी नोटीसबोर्डांवरचे आपले कागद एकेक करून काढून आणले. संध्याकाळपर्यंत कळलं, बाकीच्यांनीही अर्ज मागे घेतले होते. आमच्या प्रभागातल्या सगळ्या जागा बिनविरोध. गुलाल उधळत मिरवणूक गल्लीत आली आणि तासभर कोणाला आत-बाहेर करता आलं नाही.

मतदानाच्या दिवशी आमच्याकडे मतदान नव्हतं. तरी सकाळी टायमकीपर इस्त्रीचा शर्ट घालून आमचं केंद्र असायचं त्या शाळेकडे निघाले. मी म्हटलं, "काका, अहो, आज तिथे काही नाही." ते म्हणाले, "माहीत आहे. बघून येतो." परत आले, घड्याळ पाहिलं. "जाऊन-येऊन अकरा मिनिटं. गर्दी नव्हती."

दोन महिन्यांनी त्यांनी फ्लॅट विकला आणि नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं. गाडी आमच्या गल्लीत शिरेना. चौघांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि कोपऱ्यापर्यंत नेलं. पुढे टायमकीपर हात वर करून रिक्षा थांबवत होते. काकू परगावी आल्यासारख्या दोन्ही बाजूंची दुकानं बघत होत्या आणि "हे कधी झालं? ते कधी झालं?" विचारत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकूंना गाडीत बसवून झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, मतदानाला या हं इकडे. तुम्ही सांगाल त्यालाच मत."

"यादीतून नावं काढून टाकली," ते म्हणाले. "दोघांचीही."

"मग नाशिकला घालणार असाल."

"कशाला?"

चिडून नाही विचारलं त्यांनी. मी काही सांगेन म्हणून ते गाडीचं दार धरून खरोखर थांबले होते. मागून रिक्षा हॉर्न मारायला लागल्या. शेवटी ते आत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.