सरपंच आधी, वकील नंतर

मिरजगावजवळच्या त्या अपघाताची फाईल कधीच बंद झाली. माझं डोकं मात्र अजून शांत होत नाही.

शेतवाटेवरून एक दुचाकीस्वार न बघता हायवेवर आला आणि कारवर आदळला. पाय मोडला. त्याच कारने त्याला दवाखान्यात पोचवलं. तपास माझ्याकडे आला. साधी केस.

कारमालक नाना जबाबाला आले ते सरपंच आणि जीपभर माणसं घेऊन. ठाण्यात जायचं तर वजनदार माणूस न्यायचा, ही आपल्याकडची रीत. सरपंचांनी खुर्ची ओढली. "गाडी नाना चालवत हुते. लिवून घ्या, साहेब."

तेवढ्यात जखमीच्या जबाबाला दवाखान्यात गेलेल्या हवालदाराचा फोन आला. "साहेब, जखमी म्हणतोय, गाडी एक ताई चालवत होत्या. गाडीत दुसरं कोणी नव्हतंच."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त नानांना बसवलं.

"नाना, लायसन्स दाखवा."

"न्हाई."

"मग गाडी कशी चालवली?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरगी हुती. तिचं लगीन ठरलंय. सरपंच म्हनले, तिचं नाव ठाण्यात नको."

मुलीकडे लायसन्स होतं. चूक समोरच्याची होती. आणि तिचा बाप विनालायसन्सचा आरोपी व्हायला निघाला होता. वर विमा कंपनीला अंग काढून घ्यायला आयतं निमित्त.

मी पेन खाली ठेवलं. "उद्या मुलीला घेऊन या. आधी वकिलाला भेटा."

"वकील? आमी काय चोर हाय का, साहेब?"

दारातून ठाणे अंमलदार हसला. "चोरालाच लागतो तो, नाना."

हाच तो विषारी विनोद. प्रत्येक ठाण्यात चालतो, कारण घाबरलेला माणूस आम्हाला सोयीचा असतो. अपघात झाला तर पळू नका, जखमीला उचला, पोलिसांना कळवा. पण जबाबाआधी वकिलाला विचारा. तो तुमचा हक्क आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे. वकील खोटं शिकवेल म्हणता? इथं खोटं शिकवलं ते सरपंचांनी.

मुलगी वकिलाबरोबर आली, घडलं ते सरळ सांगून गेली. लग्नही ठरल्याप्रमाणे झालं.

काही दिवसांनी सरपंचांच्या भाच्याने जामखेड रस्त्यावर कार ठोकली. सरपंच ठाण्यात आले. या वेळी जीप नव्हती, माणसं नव्हती. पुढे वकील होता आणि मागे ते.