सगुणाचा रविवार

सगुणा राजिवड्यात कनीजभाभींकडे कामाला लागली तेव्हा तिची लेक वेदिका रांगत होती. आता ती चौथीत होती, आणि मधल्या वर्षांत सगुणाला सुट्टी अशी ठाऊक नव्हती. भांडी, धुणं, लादी, मासे साफ करणं. गणपतीतसुद्धा ती आरती आटोपून कामावर हजर. कनीज मनाने वाईट नव्हती. सगुणासाठी सुरमईचा तुकडा झाकून ठेवायची, वेदिका तापली तेव्हा स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. सुट्टीची गोष्ट मात्र कधी निघायची नाही.

कनीजचा नवरा अस्लम कुवेतला एका घरी ड्रायव्हर होता. २००३ मध्ये थोरल्या मुलीचं, शिफाचं लग्न ठरलं, पण मालकाने त्याला सोडलं नाही. पासपोर्ट मालकाकडेच. घरकामाच्या माणसांना तिथला कामगार कायदा लागू नव्हता, मग दाद कुठे मागायची? निकाह बापाविना झाला.

पाहुणे गेल्यावर कनीज मोरीपाशी येऊन बसली. "माणूस कामाला ठेवला म्हणजे काय विकत घेतला, सगुणा? पोरीच्या लग्नालाही सोडू नये?"

भांडं घासता घासता सगुणा थांबली. बोलू की नको, असं झालं तिला.

"माझ्या रघूच्या लग्नालाही मला असंच जाता आलं नाही, भाभी," ती हळूच म्हणाली. "सावर्ड्याला. भाऊ माझा. ईद तोंडावर आली होती, तुमच्याकडे सुट्टी कशी मागायची?"

कनीज उठून आत गेली. काम गेलंच, असं धरून सगुणा घरी आली.

सकाळी भीत भीत गेली, तर मोरीवर कनीजच भांडी घासत बसलेली. वर न बघता म्हणाली, "रविवारी येत जाऊ नकोस. पगार कापायची नाही मी."

सगुणा दारातच उभी राहिली. मग तिने धीर केला. "आणि आजारी पडले तर?"

"तेव्हाही."

पहिल्या रविवारी ती सवयीने राजिवड्याच्या नाक्यापर्यंत जाऊन परत फिरली. मग वेदिकेला घेऊन भाट्याच्या समुद्रावर गेली. वाळूत बसल्यावर पोरीने घाबरून विचारलं, "आई, तुला कामावरनं काढलं?"

"नाही गं. आज माझी सुट्टी," असं म्हणून सगुणाने तिला कुशीत ओढलं.

अस्लम पुढच्या वर्षी आला, तोवर शिफाला मुलगी झाली होती. आणखी काही वर्षांनी राज्यात घरकामगारांसाठी कायदा झाला. वस्तीतल्या बायकांची बैठक भरली. आठवड्याच्या सुट्टीचं त्यात काही नाही म्हटल्यावर बायका हिरमुसल्या. सगुणा कधी चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी उठून म्हणाली, "कायद्यात येईल तेव्हा येईल, तोवर आपापल्या कामाच्या घरी मागून तर बघा. मीही घाबरतच तोंड उघडलं होतं."