चष्म्यासाठी अमरावतीची वारी

अमरावतीला जायचं ठरलं ते सखाराममामांच्या डोळ्यांमुळे. माझे हे सख्खे मामा अकोटच्या एका अडत्याकडे कापसाचे पारखी आहेत. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढून काढायचा, चिमटीत धरून त्याचा धागा ताणायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून विलायतेला तिथला कापूस मिळेनासा झाल्यापासून इकडे कापसाला असा भाव आलाय की विहिरीवर पाणी भरतानाही बायका कापसाचंच बोलतात. अशा दिवसांत पारख्याला मान फार, पण चूक झाली तर माफी नाही.

आणि मामांच्या हातून महिन्यात दोनदा चूक झाली. पन्नाशी उलटली तसं त्यांना जवळचं धूसर दिसायला लागलं. कचऱ्याचा माल त्यांनी चांगला म्हणून घेतला. अडत्याने स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर दुसरा माणूस बघतो. मामांचं घर त्या दोन बोटांवर चालतं. अमरावतीच्या कॅम्पाकडे विलायती दुकानात चष्मे मिळतात असं मी ऐकलं होतं. मी शाळामास्तर, चार ओळी इंग्रजी वाचणारा, त्यामुळे सोबतीला माझी नेमणूक झाली.

पौषातल्या पहाटे मामांची रेंगी जुंपली. ही दोन माणसांची हलकी गाडी पळते छान, पण काळ्या मातीतल्या चाकोऱ्यांतून हाडं खिळखिळी करते. तुम्ही जाणार असाल तर बुडाखाली कडबा भरपूर घ्या, लाजू नका. पहिला मुक्काम दर्यापूरला. कापसाच्या गाड्यांची रांग इतकी लांब की बैलांच्या घंटा ऐकूनच रस्ता कळत होता. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी पूर्णा नदी उतरून संध्याकाळी अमरावती गाठली. धर्मशाळेत जागा मिळेल, पण लवकर पोहोचा. नंतर कापसाचे दलाल ओसरीसुद्धा सोडत नाहीत. सकाळी अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि दुकान शोधायला निघालो.

दुकान होतं मात्र देखणं. मेणबत्त्या, बूट, बिस्किटांचे डबे, आणि काचेच्या पेटीत ओळीने मांडलेले पोलादी काड्यांचे चष्मे. मालक गोरा साहेब, आतल्या खोलीत होता. गल्ल्यावर आपल्यातलाच एक कारकून, रंगाने मामांहून काकणभर काळाच. मामांनी जोडे पायरीवर काढले आणि आत पाऊल टाकलं, तोच तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेरच थांबा."

"काहून? चष्मा मले पायजे," मामा म्हणाले.

"पैसे द्या, देतो. पण तोंडाला लावून बघता येणार नाही. काळ्या माणसाच्या नाकाला लागलेला चष्मा साहेब लोक घेत नाहीत. मालकाचा हुकूम आहे."

मामा हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. "अरे, तुह्या साहेबाच्या जातीचे लोक कापूस घ्यायले येतात, तवा ढिगात माह्याच हात घालायले लावतात. वरून पाहून कोनी माल घेते का?"

"हुकूम आहे," कारकून पुन्हा म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर आली. आईच्या माहेरी सगळे सावळे, मी मात्र वडिलांवर गेलो, गोरा आणि घाऱ्या डोळ्यांचा. अंगात काळा कोट होता, पायात मुंबईचे बूट. त्याने आवाज मऊ केला. "आपण या ना आत. आपण पारशी का?"

मी नाही म्हटलं नाही. हो म्हणालो असंही नाही, नुसता आत गेलो. बूट काढायला कोणी सांगितलं नाही. खुर्ची मिळाली. मामा पायरीवरून उतरून समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

आता चष्मा लावून बघणार मी, आणि डोळे मामांचे! आमच्या घरच्या शहाणपणाचा याहून मोठा नमुना सापडायचा नाही. कारकुनाने वाचून बघायला इंग्रजी वर्तमानपत्र दिलं. त्यात लढाईची हकीकत होती, काळ्या गुलामांना मोकळं करण्यावरून तिकडे काय चाललंय त्याची. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. कारकून "वा, साहेब" म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. ज्या जाड काचांतून अक्षर सगळ्यांत मोठं दिसलं, तो चष्मा मी घेतला.

कडुनिंबाखाली मामांनी तो लावला. धोतराच्या कनवटीला त्यांच्या कापसाचं बोंड नेहमीच असतं, ते काढून धागा ताणला. "कायी दिसत नाही, बापू. डोकं गरगरते." मी धावत परत गेलो, तर कारकुनाने चष्म्याला हातही लावला नाही. "त्यांनी लावलेला मी पाहिलाय," एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती असं मला वाटलं. आता वाटतं, ती माझीच असेल.

परतीला आम्ही अकोल्याची वाट धरली. रस्ता लांबचा पडतो, पण अकोल्याचा बाजार मोठा. बडनेऱ्यापासून पुढे आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचा भराव चालू आहे, शेकडो बायामाणसं टोपल्या वाहताना दिसतात. ते सगळं बघत जा, मूर्तिजापूरला मुक्काम करा. आम्ही तसंच केलं. मामा वाटभर बैलांशीच बोलत होते.

अकोल्यात मोर्णेच्या काठी बाजारात एक बोहरी म्हातारा चादर पसरून बसला होता. सुया, आरसे, कंगवे आणि जुन्या चष्म्यांचा एक ढीग. मामा लांबच उभे राहिले आणि विचारलं, "लावून पायता येते का?"

"लगाए बिना कैसे समझेगा, बाबा? आँख तो तुम्हारी है," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच्या सदऱ्याने काच पुसून चष्मा त्यांच्या हातात दिला.

मामांनी पुरा ढीग उपसला. एक लावायचा, धागा ताणायचा, मान हलवायची, पुढचा घ्यायचा. आठवा की नववा असेल, एका काडीला दोरा बांधलेला होता. तो लावून त्यांनी धागा ताणला आणि तसाच धरून ठेवला. "पाय बापू, पाय! हा इथं तुटला!" भर बाजारात पन्नाशीचा माणूस नाचायचाच काय तो राहिला. मला रडू आलं.

आज आम्हाला परतून आठवडा झाला. मामांचं काम टिकलं आहे. अडत्याने परवा मुद्दाम कचऱ्याचा माल पुढे केला, तो मामांनी पहिल्याच चिमटीला बाजूला काढला. कोणी चष्म्यासाठी निघणार असेल तर माझा सल्ला एवढाच, अमरावतीला देवीसाठी जा, चष्म्यासाठी अकोल्याला जा.

काल संध्याकाळी मामांच्या ओट्यावर बसलो होतो. हे सगळं लिहून काढतोय असं सांगितलं. म्हटलं, त्या दुकानाचे चांगले वाभाडे काढतो, लोकांना कळू दे.

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. रागावले नव्हते. "लिही. पन एक सांगू? मले जवळचं दिसत नाही. लांबचं अजूनबी बराबर दिसते. मी झाडाखाली बसून पाहून राहिलो होतो, बापू. तू खुर्चीवर बसला, पेपर वाचला, हासला. एकडावबी मांगं वळून पाह्यलं नाही."