बँकेसमोरच्या गोदाआक्का

सोमवारी बँकेचं शटर वर गेलं की समोर गोदाआक्का उभ्या दिसायच्या. इस्त्रीची सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि छातीशी धरलेला पुठ्ठ्याचा फलक: ‘आमच्या ठेवी अणुभट्टीला नकोत, पवनचक्कीला द्या.’ वर मराठीत, खाली कन्नडात. मी त्याच शाखेत कारकून. मला आत जाताना पाहून म्हणायच्या, “वसंता, डबा आणलास न्हवं? जा, उशीर करू नको.”

बेळगावच्या शहापुरात त्या आमच्याच गल्लीत राहायच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक सुहास हुबळीला इंजिनिअरिंग शिकत होता. कारवारकडच्या जंगलात अणुवीज केंद्र होणार असं ठरलं आणि आमच्या बँकेने त्याचे रोखे घेतले. ते कळताच आक्का थेट मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन बसल्या.

“साहेब, कणकुंबीच्या घाटात एकदा उभं राहून बघा. पदर सावरता सावरत न्हाय. त्या वाऱ्यावर काढा की वीज! त्यो मागं इखारी राख ठेवत न्हाय.”

साहेबांनी चहा पाजला आणि हे सगळं वर ठरतं, असं सांगितलं. पुढच्या सोमवारपासून आक्का रस्त्यावर.

सुरुवातीला सोबत कॉलेजची मुलं होती, गल्लीतले एक डॉक्टर होते. परीक्षा आल्या, मुलं पांगली. मग फलकावरून वाजलं. एकजण ओरडला, “कन्नड कशाला लिवलंय?” दुसऱ्याने विचारलं, “कन्नड खाली का?” आक्का म्हणाल्या, “हवा बिघडली तर भाषा इचारून नाकात शिरंल व्हय रं?” दोघेही चिडले. दोन्ही बाजूंचे पेशंट सांभाळायचे म्हणून डॉक्टरही यायचे थांबले. आक्का एकट्या उरल्या.

सुहासला नोकरी लागली ती नेमकी त्याच केंद्रात. पेढे घेऊन तो बँकेसमोरच आला. मी बाहेर गेलो तेव्हा तो आईला विनवत होता.

“आई, आता तरी घरी चल. आमचे साहेब लोक बेळगावात येतात. त्यांना काय सांगू?”

“सांग, आई हाय म्हणून.” आक्कांनी पेढा खाल्ला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “नोकरी मन लावून कर. पन मी हितनं हलायची न्हाय.”

पुडा कठड्यावर ठेवून तो निघून गेला. त्या दिवाळीला आला नाही, पुढच्याही नाही. मी फराळाला गेलो, तर करंज्यांचा डबा तसाच भरलेला. “गोड त्यालाच लई लागतं,” म्हणाल्या आणि मला चिवडा वाढला.

केंद्राचं बांधकाम वर चढत होतं. आक्का उभ्याच होत्या. येणारेजाणारे त्यांना दिव्याच्या खांबाला घालावा तसा वळसा घालून जायचे.

मग न्हाणीत पाय घसरून आक्कांच्या मांडीचं हाड मोडलं. तार मिळताच सुहास रजा काढून आला. त्याने आईचं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली. पण एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. केंद्राच्या वसाहतीत त्याला क्वार्टर मिळालं होतं. आक्का तिथे जायला तयार झाल्या.

मी स्टँडवर पोचवायला गेलो. सुहास फिरकीचा तांब्या भरायला बसमधून खाली उतरला होता.

“आक्का, तिथं कसं राहणार तुम्ही?”

“पोरगा हाय माझा. त्याच्याशी न्हाय माझं भांडण.” त्यांनी खिडकीचा गज धरला. “वसंता, म्हातारी चुकतीया, असं तरी कुणी थांबून म्हणायचं होतं. मी समजावलं असतं, न्हायतर समजून घेतलं असतं. नुसतं बघून जायची रं सगळी.”

सुहास केव्हा वर येऊन मागे उभा राहिला होता, कळलंच नाही. तांब्या आईच्या हातात देऊन तो शेजारी बसला.

“आई, तू चुकतीयास,” तो म्हणाला. “कुठं, ते सांगतो. वाट मोठी हाय.”

आक्का सबंध त्याच्याकडे वळल्या. मला हात करायचंही त्यांना सुचलं नाही. बस फाटकातून वळली तेव्हा त्या बोट नाचवत काहीतरी सांगत होत्या, आणि सुहास जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणत होता.